वन-टू-स्विच

वन-टू-स्विच हा निन्टेन्डो या जपानी कंपनीने निन्टेन्डो स्विच या कन्सोलसाठी विकसित व प्रकाशित केलेला पार्टी प्रकारातील व्हिडिओ गेम आहे. कन्सोलची विक्री सुरू झाली त्याच दिवशी, म्हणजे ३ मार्च २०१७ रोजी, तो जगभर उपलब्ध झाला. त्यात २८ लघुखेळ आहेत. त्यांपैकी बहुतेक लघुखेळ दोन खेळाडूंनी समोरासमोर उभे राहून, पडद्याकडे न पाहता एकमेकांच्या डोळ्यांत पाहत खेळावयाचे असतात. कन्सोलसोबत मिळणाऱ्या जॉय-कॉन या दोन लहान नियंत्रकांमधील निरनिराळ्या संवेदकांचा परिचय या लघुखेळांतून होतो.

प्रकाशनानंतर या गेमविषयी जी चर्चा झाली ती खेळाच्या गुणवत्तेइतकीच त्याच्या किमतीभोवती फिरली. अमेरिकेत त्याची किंमत ४९.९९ डॉलर ठेवण्यात आली होती. नव्या उपकरणाची ओळख करून देणारा हा गेम कन्सोलसोबत विनामूल्य द्यावयास हवा होता, असे मत अनेक समीक्षकांनी मांडले. काही जणांच्या मते मात्र योग्य मंडळी जमली असता या गेमने मिळणारा आनंद पुष्कळ अधिक महागड्या गेममधूनही मिळत नाही. समीक्षकांचा एकूण प्रतिसाद संमिश्र असूनही गेमच्या ३० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

पार्श्वभूमी

निन्टेन्डोची स्थापना १८८९ मध्ये क्योतो येथे झाली. हानाफुदा हे पारंपरिक जपानी पत्ते तयार करणे हा कंपनीचा मूळ व्यवसाय होता. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात येण्यापूर्वी तिने खेळणी बनवली. गुन्पेई योकोई यांनी तयार केलेले ‘लव्ह टेस्टर’ हे १९६९ मधील खेळणे दोन व्यक्तींनी एकमेकांचा हात धरून वापरावयाचे होते. १९७४ मध्ये कंपनीने ‘वाइल्ड गनमॅन’ हा यंत्रचलित खेळ आणला. त्यात पडद्यावर चित्रफितीतील बंदूकधारी दिसे आणि इशारा मिळताच खेळाडूने त्याच्या आधी गोळी झाडावयाची असे. वन-टू-स्विचमधील ‘क्विक ड्रॉ’ या लघुखेळाची कल्पना हीच आहे. फरक एवढाच, की येथे प्रतिस्पर्धी चित्रफितीत नसून प्रत्यक्ष समोर उभा असतो.

नव्या कन्सोलसोबत त्याची वैशिष्ट्ये दाखवणारा लघुखेळांचा संग्रह आणण्याची निन्टेन्डोची प्रथा वी या कन्सोलपासून ठळक झाली. २००६ मध्ये वी बाजारात आला तेव्हा अमेरिका व युरोपात ‘वी स्पोर्ट्स’ हा गेम कन्सोलच्या खोक्यातच देण्यात आला होता. जपानमध्ये मात्र तो स्वतंत्रपणे विकला गेला. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचे तत्कालीन अध्यक्ष रेजी फिल्स-एमे यांनी ‘डिसरप्टिंग द गेम’ (२०२२) या पुस्तकात या निर्णयामागील मतभेदांची हकिकत सांगितली आहे. तीनुसार हा गेम कन्सोलसोबत द्यावा असा आग्रह त्यांनी धरला, तर परिश्रमपूर्वक तयार केलेला गेम विनामूल्य देण्यास शिगेरू मियामोतो यांचा विरोध होता. वी स्पोर्ट्सच्या सुमारे ८ कोटी २९ लाख प्रती वितरित झाल्या. हातातील नियंत्रक हलवून खेळावयाच्या टेनिस व बोलिंगमुळे, पूर्वी कधीही व्हिडिओ गेम न खेळलेल्या कुटुंबांतही वी पोहोचला.

त्याच काळातील ‘वी प्ले’ या संग्रहासाठी वेगळा मार्ग निवडण्यात आला. त्यात नऊ लघुखेळ होते. अमेरिकेत सुट्ट्या वी रिमोटची किंमत ३९.९९ डॉलर होती आणि रिमोटसह वी प्ले ४९.९९ डॉलरला मिळे. साहजिकच दुसरा रिमोट घेणाऱ्या ग्राहकाला हा गेम अवघ्या दहा डॉलरला पडत असे. समीक्षकांनी त्याला सामान्य ठरवले, तरी त्याच्या २ कोटी ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. २०१२ मध्ये आलेल्या वी यू या कन्सोलच्या महागड्या आवृत्तीसोबत ‘निन्टेन्डो लँड’ हा संग्रह देण्यात आला. वी यू मात्र अपयशी ठरला. वीचे १० कोटींहून अधिक संच विकले गेले होते, तर वी यूची एकूण विक्री १ कोटी ३५ लाखांच्या आसपास थांबली. निन्टेन्डो स्विचची आखणी या अपयशानंतर झाली आणि कन्सोल सर्वांच्या आवाक्यात ठेवणे कंपनीसाठी विशेष महत्त्वाचे बनले.

खेळाचे स्वरूप

आवश्यक साहित्य

निन्टेन्डो स्विचच्या मूळ खोक्यात डावा आणि उजवा असे दोन जॉय-कॉन असतात. प्रत्येकी एक घेऊन दोन व्यक्तींना वन-टू-स्विच खेळता येतो. त्यासाठी आणखी काही विकत घ्यावे लागत नाही. अमेरिकेत जॉय-कॉनच्या अतिरिक्त जोडीची किंमत ७९.९९ डॉलर होती, हे लक्षात घेता ही बाब महत्त्वाची ठरते. गेम दूरचित्रवाणी संचाला जोडून किंवा कन्सोल मेजावर उभा करून खेळता येतो. पडद्याचा उपयोग मुख्यतः लघुखेळाची निवड करणे, नियम समजून घेणे आणि निकाल पाहणे यांसाठी होतो.

प्रत्येक लघुखेळापूर्वी खरे कलाकार तो कसा खेळतात हे दाखवणारी छोटी चित्रफीत दिसते. पुस्तिका वाचण्याची वा नियंत्रकावरील बटणे पाठ करण्याची गरज राहत नाही. यामुळे व्हिडिओ गेमचा अनुभव नसलेली व्यक्तीही अर्ध्या-एक मिनिटात खेळात सामील होऊ शकते.

तंत्रज्ञान

जॉय-कॉनमध्ये त्वरणमापी व जायरोस्कोप असतात. त्यांच्या आधारे नियंत्रकाची गती, कल आणि दिशा ओळखली जाते. ‘एचडी रंबल’ नावाची सूक्ष्म कंपनांची व्यवस्थाही त्यात आहे. जुन्या नियंत्रकांमधील कंपन साधारणतः एकसुरी असे. एचडी रंबलमुळे एखादी वस्तू घरंगळल्याचा, आपटल्याचा किंवा अडकल्याचा भास हाताला होतो. उजव्या जॉय-कॉनच्या खालच्या टोकाला अवरक्त प्रकाशावर चालणारा कॅमेरा असून तो जवळच्या वस्तूचा आकार व हालचाल टिपतो. वन-टू-स्विचमधील प्रत्येक लघुखेळ यांपैकी एखाद्या सुविधेभोवती रचलेला आहे.

लघुखेळ

काही लघुखेळ चपळाईचे आहेत. ‘क्विक ड्रॉ’मध्ये दोन्ही खेळाडू जॉय-कॉन कमरेजवळ खाली धरून उभे राहतात आणि इशारा ऐकू येताच तो उचलून प्रतिस्पर्ध्यावर रोखतात. निकालाच्या वेळी दोघांचा वेळ आणि हाताचा कोन पडद्यावर दिसतो. ‘फेक ड्रॉ’ ही त्याचीच फसवी आवृत्ती आहे: खऱ्या इशाऱ्याशी साम्य असलेले शब्द मध्येच उच्चारले जातात आणि घाई करणारा फसतो. ‘समुराई ट्रेनिंग’मध्ये एक खेळाडू काल्पनिक तलवारीचा वार करतो व दुसरा टाळी वाजवून ती दोन तळव्यांत पकडतो. ‘टेबल टेनिस’मध्ये चेंडू दिसत नाही, त्याच्या आवाजावरून परतीच्या फटक्याची वेळ साधावी लागते.

काही लघुखेळ स्पर्शावर आधारलेले आहेत. ‘बॉल काउंट’मध्ये जॉय-कॉन म्हणजे एक बंद पेटी आहे असे मानावयाचे असते. तो तिरपा केला असता आतले गोळे घरंगळत एकमेकांवर आदळल्याचे हाताला जाणवते आणि त्यावरून त्यांची संख्या ओळखावयाची असते. ‘सेफ क्रॅक’मध्ये तिजोरीची चकती फिरवल्याप्रमाणे नियंत्रक फिरवत नेमक्या जागी येणारा सूक्ष्म झटका शोधावा लागतो. तंत्राच्या दृष्टीने हे दोन लघुखेळ संग्रहातील सर्वांत लक्षणीय मानले गेले, कारण त्यांतील अनुभव चित्रफीत पाहून समजत नाही. नियंत्रक हातात घ्यावाच लागतो.

तिसरा गट अभिनयाचा व फजितीचा आहे. ‘मिल्क’मध्ये गाईचे दूध काढण्याची क्रिया करावी लागते आणि तीही प्रतिस्पर्ध्याशी नजर भिडवून. ‘ईटिंग कॉन्टेस्ट’मध्ये उजवा जॉय-कॉन तोंडासमोर धरून सँडविच खाल्ल्याप्रमाणे जबडा हलवावयाचा असतो, ही हालचाल अवरक्त कॅमेरा मोजतो. ‘गोरिला’मध्ये छाती बडवावी लागते, ‘रनवे’मध्ये मॉडेलसारखे चालावे लागते, ‘एअर गिटार’मध्ये अदृश्य गिटार वाजवावी लागते. ‘शेव्हर’मध्ये नियंत्रक दाढीच्या यंत्राप्रमाणे गालावरून फिरवतात.

उरलेल्यांपैकी ‘सोडा शेक’ हा दोनपेक्षा अधिक जणांना खेळता येतो. जॉय-कॉन म्हणजे सोड्याची बाटली असे समजून ती हलवत एकाकडून दुसऱ्याकडे द्यावयाची आणि ज्याच्या हाती ती उसळेल तो हरला, असा हा खेळ आहे. ‘जॉय-कॉन रोटेशन’मध्ये मेजावर ठेवलेला नियंत्रक बटण न सुटू देता जास्तीत जास्त फिरवावयाचा असतो. ‘बेबी’मध्ये कन्सोललाच तान्हे मूल समजून हातांत घेतात, जोजवतात आणि रडणे थांबल्यावर अलगद खाली ठेवतात.

खेळण्याच्या पद्धती

लघुखेळ स्वतंत्रपणे निवडून खेळता येतात किंवा कोणता खेळावयाचा हे गेमवर सोपवता येते. याखेरीज दोन गटांत खेळावयाची ‘टीम बॅटल’ ही पद्धत आहे. तीत पटावरील खेळाप्रमाणे पुढे सरकत प्रत्येक टप्प्यावर गटातील एकेक खेळाडू लघुखेळात उतरतो. नियंत्रक दोनच असले तरी ते हातोहात फिरवून आठ-दहा जणांच्या मेळाव्यालाही सहभागी होता येते. एकट्याने दीर्घकाळ खेळावा असा विभाग किंवा कथानक या गेममध्ये नाही.

घोषणा व प्रसिद्धी

वन-टू-स्विचची घोषणा १३ जानेवारी २०१७ रोजी टोकियो येथे झालेल्या निन्टेन्डो स्विचच्या सादरीकरणात करण्यात आली. योशिआकी कोइझुमी यांनी जॉय-कॉनच्या सुविधा समजावून सांगताना पेल्यात पडणाऱ्या बर्फाच्या खड्यांचे उदाहरण दिले. पेला हलवला असता आत किती खडे आहेत हे हाताला जाणवावे, इतके हे कंपन सूक्ष्म असल्याचे त्यांनी सांगितले. पडद्याकडे न पाहता खेळावयाचा गेम म्हणून वन-टू-स्विचची ओळख करून देण्यात आली. त्यानंतर विविध शहरांत भरलेल्या प्रात्यक्षिकांमध्येही या गेमला ठळक स्थान होते.

‘मिल्क’ या लघुखेळामुळे गेमला अनपेक्षित प्रसिद्धी मिळाली. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील वुडस्टॉक येथील बिलिंग्ज फार्म अँड म्युझियम या संस्थेने निन्टेन्डोला खऱ्या गाईंचे दूध काढण्याच्या स्पर्धेचे आव्हान दिले. निन्टेन्डोने ते स्वीकारून आपले प्रतिनिधी तेथे पाठवले.

किंमत व विक्रीपद्धतीविषयी वाद

अमेरिकेत निन्टेन्डो स्विचची किंमत २९९.९९ डॉलर होती आणि कन्सोलसोबत कोणताही गेम देण्यात आला नव्हता. वन-टू-स्विचसाठी वेगळे ४९.९९ डॉलर मोजावे लागत. म्हणजे कन्सोलच्या सुमारे एक षष्ठांश रक्कम या एका संग्रहासाठी द्यावी लागे. त्याच दिवशी प्रकाशित झालेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या अनेक दशतास पुरणाऱ्या गेमची किंमत ५९.९९ डॉलर होती. दोहोंमध्ये केवळ दहा डॉलरचा फरक असल्यामुळे ही तुलना अटळ ठरली.

घोषणा होताच गेम कन्सोलसोबत का दिला नाही, असा प्रश्न उपस्थित झाला. कन्सोल शक्य तितक्या आवाक्यातील किमतीत आणणे हे उद्दिष्ट होते आणि त्यासाठी कोणताही गेम अंतर्भूत केला नाही, अशी भूमिका रेजी फिल्स-एमे यांनी त्या वेळी मांडली. वी स्पोर्ट्स कन्सोलसोबत द्यावा यासाठी ज्यांनी पूर्वी आग्रह धरला होता त्यांच्याकडूनच हे स्पष्टीकरण आले, ही गोष्ट पुढे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर लक्षात घेण्याजोगी ठरली.

टीकाकारांचा युक्तिवाद साधारणतः असा होता: जॉय-कॉनची किंमत ग्राहक कन्सोल घेतानाच चुकती करतो. त्या नियंत्रकांची क्षमता समजून घेण्यासाठी त्याने पुन्हा पैसे देणे म्हणजे एखाद्या यंत्राची माहितीपुस्तिका वेगळी विकण्यासारखे आहे. शिवाय पार्टी गेम हा लोकांना आयत्या वेळी खेळावयास बोलावण्यासाठी असतो. तो प्रत्येक कन्सोलवर उपलब्ध असेल तरच नव्या लोकांपर्यंत कन्सोल पोहोचेल, आणि वी स्पोर्ट्सने नेमके तेच साधले होते.

याउलट, गेम वेगळा ठेवल्यामुळे ज्यांना तो नको आहे त्यांच्यावर त्याचा भार पडला नाही, असेही मांडले गेले. एकट्याने खेळणाऱ्या ग्राहकाला वन-टू-स्विचचा उपयोग जवळजवळ नाही. त्याच्या दृष्टीने कन्सोल स्वस्त असणे अधिक हिताचे होते. प्रत्येक लघुखेळासाठी चित्रीकरण, ध्वनी आणि कंपने यांवर घेतलेली मेहनत विनामूल्य का द्यावी, हा मियामोतो यांनी वीच्या वेळी उपस्थित केलेला प्रश्नही येथे लागू होतो.

समीक्षा

समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर वन-टू-स्विचला शंभरपैकी ५८ गुण मिळाले. जॉय-कॉनच्या सुविधांचे प्रात्यक्षिक म्हणून गेम प्रभावी आहे, यावर समीक्षकांत बव्हंशी एकमत होते. पडद्याऐवजी समोरच्या व्यक्तीकडे पाहावयास लावणारी रचना, नियमांचा सोपेपणा आणि नवख्यांना वाटणारा आपलेपणा यांची प्रशंसा झाली.

मुख्य आक्षेप सखोलतेच्या अभावाविषयी होता. बहुतेक लघुखेळ एखाद्या मिनिटात संपतात, त्यांत प्रावीण्य मिळवण्याजोगे फारसे काही नसते आणि दोन-तीन वेळा खेळल्यावर त्यांतील नावीन्य ओसरते, असे समीक्षकांनी नोंदवले. संग्रहातील दर्जा समान नाही, हा दुसरा आक्षेप होता: ‘क्विक ड्रॉ’, ‘बॉल काउंट’ व ‘समुराई ट्रेनिंग’ यांसारखे मोजके लघुखेळ पुन्हापुन्हा खेळावेसे वाटतात, तर काही केवळ एकदा पाहण्यापुरते उरतात. अभिनयप्रधान लघुखेळांत चारचौघांसमोर संकोच वाटणाऱ्या व्यक्तींची अडचण होते, याकडेही लक्ष वेधले गेले. इशारे बहुतांशी ध्वनिरूप असल्याने श्रवणदोष असलेल्या खेळाडूंना काही लघुखेळ समान पातळीवर खेळता येत नाहीत.

या समीक्षांमागे मूल्यमापनाचा एक मूलभूत पेच आहे. पार्टी गेमची गुणवत्ता सॉफ्टवेअरइतकीच जमलेल्या मंडळींवर अवलंबून असते. ‘मिल्क’ खेळताना हसू येते ते पडद्यावरील पेल्यांमुळे नव्हे, तर समोरच्याचा गंभीर चेहरा पाहून. त्यामुळे एकच गेम एका घरात सणासुदीच्या संध्याकाळी रंगतो आणि दुसऱ्या घरात खोक्यातच राहतो. किती तास खेळता येतो या मोजमापाने वन-टू-स्विच तोकडा ठरतो. किती जणांना एकत्र आणतो या मोजमापाने तो तितका तोकडा ठरत नाही.

विक्री

कन्सोलसोबत उपलब्ध असलेल्या गेमची संख्या प्रारंभी मर्यादित होती. त्याचा लाभ वन-टू-स्विचला मिळाला आणि पहिल्या काही महिन्यांतच त्याच्या १० लाख प्रतींचा टप्पा ओलांडला गेला. पुढील वर्षांत विक्री ३० लाखांच्या वर गेली. स्वतंत्रपणे विकलेल्या लघुखेळ-संग्रहासाठी ही संख्या मोठी असली, तरी वी स्पोर्ट्स वा वी प्ले यांच्या तुलनेत ती अल्प आहे. स्विचवरील इतर पार्टी गेमही लवकरच तिच्या पुढे गेले: २०१८ मध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ पार्टी’च्या २ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

इतर पार्टी गेमशी तुलना

वन-टू-स्विच प्रकाशित झाला तेव्हा स्विचवर त्याला फारसे पर्याय नव्हते. नंतरच्या वर्षांत लघुखेळांचे अनेक संग्रह आले आणि खरेदीदाराच्या दृष्टीने तुलना बदलली. त्यांपैकी प्रमुख संग्रह आणि त्यांच्या अमेरिकेतील प्रकाशनवेळच्या किमती पुढीलप्रमाणे आहेत:

• सुपर मारिओ पार्टी (२०१८): ८० लघुखेळ, ५९.९९ डॉलर. पटावर फासे टाकून खेळावयाचा असून चार खेळाडूंसाठी चार जॉय-कॉन, म्हणजे आणखी एक जोडी, आवश्यक.
• क्लबहाउस गेम्स: ५१ वर्ल्डवाइड क्लासिक्स (२०२०): ५१ खेळ, ३९.९९ डॉलर. पत्ते, बुद्धिबळ, बॅकगॅमन अशा परिचित खेळांचा संग्रह. एकट्यानेही खेळता येतो.
• मारिओ पार्टी सुपरस्टार्स (२०२१): जुन्या मालिकेतून निवडलेले १०० लघुखेळ, ५९.९९ डॉलर. हालचालींऐवजी बटणांवर आधारित.
• वारिओवेअर: मूव्ह इट! (२०२३): काही सेकंदांत संपणारे २०० हून अधिक लघुखेळ, ४९.९९ डॉलर. शरीराच्या हालचालींवर आधारित असल्याने वन-टू-स्विचच्या सर्वांत जवळचा.

केवळ संख्येचा हिशेब केला तर वन-टू-स्विचमधील प्रत्येक लघुखेळ सुमारे १ डॉलर ७९ सेंटला, तर सुपर मारिओ पार्टीतील सुमारे ७५ सेंटला पडतो. मात्र सुपर मारिओ पार्टी चौघांनी खेळावयाचा झाल्यास अतिरिक्त जॉय-कॉन-जोडीसह खर्च सुमारे १४० डॉलरवर जातो. वन-टू-स्विचमध्ये कितीही माणसे जमली तरी असा वाढीव खर्च येत नाही. शिवाय वरील सर्व संग्रहांत लक्ष पडद्यावर असते. एकमेकांकडे पाहत खेळण्याच्या बाबतीत वन-टू-स्विचला या यादीत थेट पर्याय नाही.

इतर कन्सोलवरील उत्पादकांनी या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. सोनीने २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ सोबत ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ हा गेम कन्सोलमध्येच विनामूल्य भरून दिला. नव्या नियंत्रकाच्या कंपनांची व कळींची ओळख करून देणे हाच त्याचाही हेतू होता. नियंत्रकाचे प्रात्यक्षिक विनामूल्य असावे, या मताच्या समर्थनार्थ त्याचे उदाहरण दिले जाते.

इतर आवृत्त्यांशी सुसंगतता

गेम मूळ निन्टेन्डो स्विच आणि २०२१ मधील ओएलईडी पडद्याच्या आवृत्तीवर कोणत्याही जोडसाहित्याविना चालतो. २०१९ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच लाइट या स्वस्त आवृत्तीचे नियंत्रक कन्सोलपासून सुटे होत नाहीत आणि त्यात एचडी रंबल किंवा अवरक्त कॅमेरा नाही. लाइटवर हा गेम खेळण्यासाठी जॉय-कॉनची जोडी वेगळी विकत घ्यावी लागते आणि ती गेमपेक्षाही महाग पडते. ५ जून २०२५ रोजी आलेल्या निन्टेन्डो स्विच २ च्या नव्या जॉय-कॉनमध्ये अवरक्त कॅमेरा नाही. त्यामुळे ‘ईटिंग कॉन्टेस्ट’सारखा लघुखेळ त्या कन्सोलवर खेळण्यासाठी जुने जॉय-कॉन बिनतारी जोडावे लागतात.

हा गेम कार्डाच्या स्वरूपात तसेच डाउनलोडद्वारे उपलब्ध आहे. कार्ड दुसऱ्याला उसने देता येते किंवा पुन्हा विकता येते. डाउनलोड केलेली प्रत विकता येत नाही. अल्पकाळ खेळून बाजूला ठेवल्या जाणाऱ्या गेमच्या बाबतीत हा फरक खर्चाच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो.

उत्तराधिकारी

‘एव्हरीबडी वन-टू-स्विच!’ हा या मालिकेतील पुढचा गेम ३० जून २०२३ रोजी प्रकाशित झाला. अश्वमुखी सूत्रसंचालक हे त्याचे वैशिष्ट्य आहे. त्यात जॉय-कॉनसोबत स्मार्टफोनचाही नियंत्रक म्हणून उपयोग करता येतो आणि स्मार्टफोनच्या साहाय्याने १०० पर्यंत व्यक्ती एकाच वेळी खेळू शकतात. या वेळी किंमत २९.९९ डॉलर, म्हणजे मूळ गेमपेक्षा वीस डॉलरने कमी ठेवण्यात आली. तरीही समीक्षकांनी त्याचे स्वागत केले नाही. पहिल्या गेमवरील मुख्य तक्रार किमतीची असली, तरी केवळ किंमत उतरवून लघुखेळांचा पुन्हा खेळण्याजोगेपणा वाढत नाही, हे त्यातून दिसून आले.

निन्टेन्डो स्विच २ सोबत हा वाद पुन्हा उद्भवला. ‘निन्टेन्डो स्विच २ वेलकम टूर’ हा कन्सोलची ओळख करून देणारा, लघुखेळांचा समावेश असलेला संग्रह ९.९९ डॉलरला केवळ डाउनलोडद्वारे विकण्यात आला. किंमत वन-टू-स्विचच्या एक पंचमांश असूनही आक्षेप तोच होता: उपकरणाचा परिचय उपकरणाच्या किमतीतच धरलेला असावा. वन-टू-स्विचच्या वेळी उपस्थित झालेला प्रश्न केवळ रकमेचा नव्हता, हे या प्रतिक्रियेवरून स्पष्ट होते.

हे सुद्धा पहा

• निन्टेन्डो स्विच
• जॉय-कॉन
• वी स्पोर्ट्स
• वी प्ले
• सुपर मारिओ पार्टी
• पार्टी गेम